हाय-फाय घ्या, पण मार्चचा हप्ता भरू नका

प्रश्न: मी गुहागर तालुक्यातल्या गावी राहतो. माध्यमिक शाळेतून मे २०२३ मध्ये निवृत्त झालो, आता साठ पूर्ण झाली. पेन्शन ४१,००० रुपये, घरखर्च २६,०००. मुलं कमावती आहेत. निवृत्तीचे एकूण ४४ लाख मिळाले, त्यातले १४ लाख घराची दुरुस्ती आणि मुलीच्या लग्नात गेले. मार्च २०२४ पासून बँकेत गॅरंटीड इन्कमची एफडी करतो आहे, वर्षाला ५ लाख, दोनदा भरले. साहेब म्हणाले, १७ टक्के मिळतील आणि तिसऱ्यांदा भरल्यावर हवे तेव्हा काढता येतील. त्यांचा तसा व्हॉट्सॲपही आहे. बाकी १६ लाख बँकेत, ४ लाख पतसंस्थेत. नाट्यसंगीत आणि ख्याल हा आयुष्यभराचा छंद. वडिलांच्या तबकड्या आहेत, बहुतेक ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या). माजघरात (१२ बाय १४, चिऱ्याच्या भिंती, लादी, वर कौलं) उत्तम आवाजाची हाय-फाय सिस्टीम बसवायची आहे. मुंबईच्या दुकानाचं ६.५ लाखांचं कोटेशन आणि एफडीच्या कागदाचा फोटो जोडला आहे. दुकानदार म्हणतो, ही गुंतवणूकच आहे, आणि मलाही ते पटतं. आत्ता २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की मार्चनंतर एफडीतून काढून रोख?

उत्तर:

सर, नमस्कार. ईएमआय नको, एफडीतून काढून रोखही नको, आणि साडेसहा लाखांची सिस्टीम तर नकोच. दोन लाखांच्या आत चांगली बसते, ती जरूर घ्या. तिच्याबद्दल खाली लिहितो. आधी तुमच्या दुसऱ्या फोटोबद्दल बोलणं भाग आहे, कारण तो कागद एफडीचा नाही.

ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. हप्ता वर्षाला ५ लाख, हप्ते १०, पॉलिसीची मुदत २० वर्षं, विमा रक्कम ५० लाख. अकरावं वर्ष संपल्यावर वर्षाला ८.५ लाख, असे दहा वेळा. तुमच्या हातात पहिला पैसा येईल मार्च २०३५ मध्ये, शेवटचा २०४४ मध्ये. मार्चमध्ये भरायचे ५ लाख ही नवी ठेव नाही. तो तिसरा हप्ता आहे आणि त्यापुढे आणखी सात आहेत.

१७ टक्के कुठून आले? एकूण भरणा ५० लाख, वर्षाला मिळणार ८.५ लाख. ८.५ भागिले ५०, झाले १७ टक्के. पण एफडीत व्याज मिळून मुद्दल शिल्लक राहतं. इथे त्या ८.५ लाखांतूनच तुमचं मुद्दल तुम्हाला परत येतंय, दहा हप्ते मिळाले की हिशेब संपला. पैसे भरण्यात आणि परत मिळण्यात सरासरी अकरा वर्षांचं अंतर आहे. पन्नासाचे पंच्याऐंशी व्हायला अकरा वर्षं, म्हणजे वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सरकार सध्या ८.२ टक्के देतं.

आता तुमच्या पत्रातलेच आकडे शेजारी शेजारी ठेवतो. वर्षाचं पेन्शन ४ लाख ९२ हजार, वर्षाचा हप्ता ५ लाख. भरायचे राहिलेले हप्ते ४० लाखांचे, जवळ उरलेली पुंजी २० लाख. एक रुपयाही दुसरीकडे खर्च केला नाहीत तरी मार्च २०२९ चा हप्ता भरल्यावर बँक आणि पतसंस्था दोन्हीकडे शून्य. पुढचे चार हप्ते कुठून येणार होते? विकणाऱ्याने हे पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, उत्पन्नाचा रकाना असतो आणि तो कोणीतरी भरला आहे. निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात त्याच्या पेन्शनपेक्षा मोठा हप्ता बांधण्याला मी गैरसमज म्हणणार नाही.

तर मार्चचा हप्ता भरायचा नाही. शाखेतून फोन येतील, ‘सर, आत्ता सोडलीत तर सगळं बुडेल’ म्हणतील. बुडत नाही. दोन पूर्ण हप्ते भरलेले असल्यामुळे पॉलिसी पेड-अप होऊ शकते, म्हणजे पुढे काही भरायचं नाही आणि लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन मिळतात. दहापैकी दोन हप्ते भरलेत, तर ८.५ लाखांच्या जागी साधारण १.७ लाख, दहा वर्षं. विमा रक्कमही त्याच प्रमाणात उतरेल. त्याची चिंता करू नका. तुमच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आहे, मुलं कमावती आहेत, तुम्हाला ५० लाखांच्या विम्याची गरज मुळातच नव्हती.

पॉलिसी मोडून पैसे काढायचे, म्हणजे सरेंडर करायची, तर दोन हप्त्यांवर किमान हमी ३० टक्क्यांची आहे. १० लाखांचे ३ लाख. कंपनी थोडे जास्तही देईल, पण रागाच्या भरात सही करू नका. २०३५ पासूनचे ते १.७ लाख आजच्या हिशेबाने, ७ टक्के धरून, सात लाखांच्या जवळपास भरतात. म्हणून कंपनीला पत्र लिहून दोन आकडे लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य किती, आणि पेड-अप केल्यावर कोणत्या वर्षापासून किती मिळेल. सरेंडर सात लाखांच्या खाली असेल तर पेड-अप. ‘आता दोन भरलेच आहेत तर पुरं करू’ असं मनात आलं तर हेही पाहा: पुढचे ४० लाख भरून जे वाढीव मिळेल, त्यावरचा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. तो करमुक्त असतो असं सांगतील. तुमचं पेन्शन आणि व्याज मिळून ७ लाखांच्या पुढे फारसं जात नाही, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे. ज्याला कर लागतच नाही त्याला करमुक्तीचा काय उपयोग?

फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची, मुदत केव्हाच संपली, तरी तक्रारीचा रस्ता उघडा आहे. ‘तिसऱ्यांदा भरल्यावर काढता येतील’ हा व्हॉट्सॲप जपून ठेवा, फोन बदलण्याआधी त्याची छापील प्रत काढा. पॉलिसीच्या पुडक्यात प्रपोजल फॉर्मची प्रत असते, नसेल तर मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न व व्यवसाय काय लिहिलाय ते स्वतः वाचा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण १० लाख परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण तो मेसेज हातात असताना गप्प बसू नये, आणि फॉर्मवर चुकीचं उत्पन्न निघालं तर मुळीच नाही.

पतसंस्थेतले ४ लाख मुदत संपली की काढा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं, ते पतसंस्थेला नाही. संचालक ओळखीचे आहेत, हे त्याला उत्तर नव्हे.

मेडिक्लेमचा पत्रात उल्लेख नाही, म्हणजे तो नसावा. मोठं दुखणं आलं की गुहागरहून रुग्णाला बहुतेकदा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला न्यावं लागतं. दोघांसाठी १० लाखांचं कवच घ्या. पन्नास-साठ हजारांच्या घरात हप्ता येईल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. शुगर, बीपी जे असेल ते फॉर्मवर स्पष्ट लिहा, आणि फॉर्म स्वतः भरा.

मांडणी मग अशी होते: १६ लाखांतले ३ लाख अडीअडचणीला बँकेत, ११ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, २ लाख सिस्टीमला. पतसंस्थेचे ४ सुटले की तेही योजनेत. १५ लाखांवर वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास व्याज, दर तिमाहीला खात्यावर जमा. त्यातून मेडिक्लेम भरून अर्ध्याहून अधिक उरतं.

आता सिस्टीम. तुम्ही ती ‘गुंतवणूक’ म्हणून समर्थनीय ठरवायचा प्रयत्न केलाय, दुकानदाराने तसं सांगितलं म्हणून. ती गुंतवणूक नाही. दुकानातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते. पण पस्तीस वर्षं शाळेत घसा कोरडा केलेल्या माणसाने दुपारी शांतपणे भीमसेन ऐकावेत, यासाठी दोन लाखांचा खर्च करायला कसलंही समर्थन लागत नाही. तो खर्च आहे, तुम्हाला तो परवडतो. परवडत नव्हती ती पॉलिसी. आणि २७ हजारांचा ईएमआय तर नकोच, घरखर्च भागल्यावर पेन्शनमधले उरतात १५ हजार.

कोटेशनमध्ये स्पीकर २.४ लाख, ॲम्प्लिफायर १.८ लाख, स्ट्रीमर (इंटरनेटवरचं गाणं वाजवणारं यंत्र) ७५ हजार, टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) ६० हजार, केबल ६५ हजार, पॉवर कंडिशनर (विजेचा पुरवठा सुधारणारी पेटी) ३० हजार. खोलीसाठी शून्य. आवाज सर्वात जास्त बदलतो तो खोलीने आणि स्पीकर कुठे ठेवले त्याने, मग खुद्द स्पीकरने, त्यानंतर बऱ्याच अंतराने ॲम्प्लिफायरने, आणि केबलने जवळजवळ नाहीच. दुकानाच्या डेमो रूममध्ये गालिचे आणि भिंतीला पॅनेल असतात. तुमच्याकडे गिलावा केलेला चिरा आणि लादी आहे. माजघराच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवा. मागून जो खणखणाट रेंगाळतो, तोच गाण्यातल्या प्रत्येक व्यंजनावर चढणार आहे. जमिनीवर जाड जाजम घाला, बसायच्या जागेच्या मागे पुस्तकांचं उघडं कपाट लावा, स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर गोधड्या किंवा जाड पडदे लावा. उतरती कौलं तुमच्या बाजूने आहेत, सपाट स्लॅबसारखा आवाज खाली-वर आपटत राहत नाही.

जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर या खोलीत नकोत. १४ फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप घुमतो, आणि त्यात मोठ्या स्पीकरचा खर्ज मिळाला की डग्गा गढूळ होतो. चांगले बुकशेल्फ, म्हणजे छोटे, स्पीकर स्टँडवर ठेवा, ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा पडदा) बसल्यावर कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची असा समभुज त्रिकोण करा. मग आठवडाभर स्पीकर चार-चार बोटं पुढे-मागे सरकवत रोज तेच गाणं ऐका. याला पैसे लागत नाहीत.

ॲम्प्लिफायरच्या वॅटमागे धावू नका. पन्नासाचे शंभर वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि एवढ्या खोलीत नेहमीच्या ऐकण्याला काही वॅटच लागतात. ६५ हजारांच्या केबलऐवजी वायरमनकडची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तीन मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०४ ओहम, स्पीकरचा ८ ओहम. अर्धा टक्का, आणि पाचशे रुपयांत काम. कंडिशनर रद्द करून ते पैसे घराचं अर्थिंग तपासायला आणि सर्ज प्रोटेक्टरला द्या. तरीही मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढा, डिशची आणि इंटरनेटची वायरसुद्धा. खारी हवा आपल्याकडे कनेक्टर खाते, दर काही महिन्यांनी पुसून पुन्हा लावा. स्पीकरच्या पडद्याची कडा रबराची घ्या, फोमची दमट हवेत लवकर कुजते. पावसाळ्यात सिस्टीम कपाटात बंद करून ठेवू नका, दोन-चार दिवसांनी तास-दोन तास चालू द्या.

माझा हिशेब: स्पीकर ७५ हजार, ॲम्प्लिफायर ५०, स्टँड १०, स्ट्रीमर १५, टर्नटेबल आणि सुया ३०, अर्थिंग-सर्ज ५, जाजम-पडदे ५. एक लाख नव्वद हजार. मुंबई-पुण्यात वापरलेले स्पीकर चांगल्या अवस्थेत मिळतात, तसे मिळाले तर आणखी खाली येईल.

आणि कोटेशनमधलं टर्नटेबल मुळीच घेऊ नका. त्याच्या तपशिलात वेग फक्त ३३ आणि ४५ असे दिले आहेत. तुमच्या वडिलांच्या ७८ च्या तबकड्या त्यावर वाजणारच नाहीत. वेग जुळला असता तरी एलपीची सुई चालत नाही. ७८ च्या खाचेला जवळपास चौपट रुंद सुई लागते, बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. त्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज असलेल्या, आहेत, म्हणून मोनोचं बटण असलेला ॲम्प्लिफायर बघा, बरीच खरखर तिथेच मरते. लाखेच्या तबकड्या हातातून पडल्या की तुटतात. टर्नटेबल आल्यावर प्रत्येक बाजू एकदा संगणकावर उतरवून घ्या आणि रोज तीच ऐका. मूळ तबकड्या उभ्या, कोरड्या जागी ठेवा. दुकानाला बयाणा दिला असेल तर या आठवड्यातच फोन करून टर्नटेबल आणि केबल रद्द करायला सांगा. कंपनीला पत्र मात्र त्याच्याही आधी, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन.