वाइडन की ब्रॉडन?

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

तुझा अर्ज वाचला. ‘आय वाँट टू वाइडन माय नॉलेज’ या वाक्यापाशी अडखळले. व्याकरण चुकलेलं नाही, पण इंग्रजीत रुळलेल्या कानाला तिथे ‘ब्रॉडन’ हवं असतं. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘रुंद करणे’ असतं, म्हणून आपली गल्लत होते.

‘वाइडन’ म्हणताना दोन कडा डोळ्यांपुढे आण. आपली खाडी ठाण्यात चिंचोळी आणि वाशीच्या पुलावरून बघशील तर ऐसपैस: ‘द क्रीक वाइडन्स’. डोळे विस्फारतात, दोघांतली दरी वाढते, तेही वाइडनच. ‘ब्रॉडन’मध्ये कडांपेक्षा मधला पसारा मोठा. अनुभव, वाचन, दृष्टी यांच्याशी त्याचं जमतं.

अर्थात हे सगळीकडे लागू पडत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती ब्रॉडगेजवरून. 1676 मिलिमीटर हे अंतर दोन रुळांमधलंच, तरी शब्द ‘ब्रॉड’! म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नकोस, त्याच्या सोबतच्या नामासकट वहीत उतरव.

याहून मोठी अडचण कर्त्याची आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठीत खाडी रुंदावते आणि पालिका रस्ता रुंद करते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वाइडन’. नव्वदच्या दशकात टी. चंद्रशेखर आयुक्त असताना ठाण्यात रस्ते रुंद झाले. ते सांगताना ‘द रोड वाइडन्ड’ लिहिलंस, तर पुढे रस्ता आपसूक रुंदावत गेला असं वाटेल. हातोडा पडलेली बांधकामं वाक्यातून नाहीशी होतील. तिथे ‘वॉज वाइडन्ड’ हवं. कुणीतरी ते केलं, एवढं तरी त्यात उरतं.

आणखी एक, मुलाखतीत बोलशील म्हणून. ‘रोड’, ‘बोट’, ‘कोट’ यांत ‘ओए’चा उच्चार ओ होतो, ‘ब्रॉड’मध्ये मात्र ऑ. ‘ब्रोडन’ म्हणू नकोस.

आता ते वाक्य पुन्हा लिही. नुसतं ‘नॉलेज’ही नको. कशाचं ज्ञान, ते लिही. तू हिशेबाच्या कामातून करविषयक कामाकडे वळते आहेस, तर तेच नाव घाल. रविवारी सकाळी कच्चा कागद घेऊन ये, दोघी मिळून बघू.

तुझ्या बाई