कॅपची वॉरंटी दहा वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच

साताऱ्याहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी खालच्या उजव्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनाल करून घेतलं आणि वर झिर्कोनियाची, म्हणजे कठीण पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप बसवली. कॅपचे १४,००० रुपये. सोबत कॅप बनवणाऱ्या लॅबचं कार्ड मिळालं, त्यावर ठळक अक्षरांत ‘दहा वर्षांची वॉरंटी’. कॅप आजवर तीनदा निघाली. दोनदा डॉक्टरांनी पाचशे-पाचशे रुपये घेऊन ती पुन्हा चिकटवून दिली. तिसऱ्यांदा, सप्टेंबर २०२५ मध्ये, ‘तुमची दाढच आखूड आहे, नवी कॅप करावी लागेल, पूर्ण पैसे पडतील’ असं सांगितलं. ताई विचारतात, वॉरंटी २०३३ पर्यंत आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत निवांत केस टाकायची आहे. भरपाई किती मिळेल?

ताई, दिवाळीपर्यंत थांबलात तर बहुधा काहीच मिळणार नाही.

दाताच्या कॅपबद्दलची अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात हीच चूक असते. डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात का, हे मी इथे पुन्हा सांगत बसत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला आणि २०१९ चा नवा कायदा आल्यानंतर पुन्हा उकरला गेला तेव्हाही तो तसाच मिटला. पैसे देऊन उपचार घेतलेत, तुम्ही ग्राहक आहात. तुमचं प्रकरण अडणार आहे ते मुदतीवर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कार्डावर दहा वर्षं लिहिलेली असोत की ‘आयुष्यभर’, या दोन वर्षांत एका दिवसाचीही भर पडत नाही. वॉरंटी हा लॅबने दिलेला शब्द आहे, मुदत हा कायद्याचा हुकूम आहे. आणि डॉक्टरांनी मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तरी सुटका नाही. तक्रार मुदतीत आहे की नाही हे ग्राहक आयोगाने स्वतःहून पाहायचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘शाळा उघडली त्याच आठवड्यात, १८ जून २०२४ ला, फणसाचे गरे खाताना कॅप पहिल्यांदा निघाली.’ सगळं प्रकरण या तारखेवर उभं आहे. हे लिहिताना मे २०२६ संपत आला आहे. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत, दिवाळी नव्हे.

समोरचा वकील काय म्हणेल? तो मार्च २०२३ पासून मोजेल, म्हणजे कॅप बसवली त्या दिवसापासून, आणि मुदत मार्च २०२५ मध्येच संपली असं सांगेल. त्याला उत्तर आहे. दोष आत दडलेला होता आणि कॅप पहिल्यांदा निघाली तेव्हाच तो तुम्हाला कळला. न कळलेल्या इजेची मुदत ती कळल्यापासून धरावी, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वैद्यकीय प्रकरणांत मानलंय. पण त्याची धार दोन्हीकडून कापते. गोव्यातल्या एका परिचारिकेवर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, पोटात गॉझ (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिला. तो सापडला २००२ मध्ये, तक्रार केली २००४ मध्ये. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना, आणि स्वतः परिचारिका असताना, तिने आधीच शोध घ्यायला हवा होता. तिच्या पोटातला गॉझ तरी कुणाला दिसत नव्हता. तुमची कॅप तुमच्या तळहातावर होती.

मग सप्टेंबर २०२५ पासून मोजता येईल का, जेव्हा डॉक्टरांनी हात वर केले? युक्तिवाद करता येतो. दर वेळी पाचशे रुपये घेऊन कॅप चिकटवली, ती दर वेळी वेगळी सेवा होती, असंही म्हणता येतं. काही आयोग ऐकतील, काही ऐकणार नाहीत. आणि ऐकलं तरी ‘मग भरपाई त्या पाचशे रुपयांच्या कामापुरतीच’ असं म्हणायची सोय राहते. हातात सरळ रस्ता असताना हा आडरस्ता कशाला धरायचा? दोन वर्षं १८ जून २०२६ ला भरतात, त्या दिवशी गुरुवार आहे. माझ्या मते तक्रार १० जूनपर्यंत ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर चढलेली असावी. शेवटच्या दिवशी फाइल अपलोड होत नाही म्हणून रडणारे पक्षकार मी पाहिले आहेत. १८ जूननंतर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘सुट्टीची वाट पाहत होते’ हे कारण कुणीही मानणार नाही.

आणखी एक गैरसमज. डॉक्टरांशी मेसेजवर बोलणं चालू आहे, मी नोटीस पाठवलीये, म्हणजे मुदत थांबली, असं लोक धरून चालतात. पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही. नोटीस जरूर पाठवा, पण आठवड्याची मुदत देऊन, आणि उत्तराची वाट पाहत तक्रार अडवून ठेवू नका.

आता ते कार्ड. तुम्ही फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता. मी नंतर मागच्या बाजूचा मागवला. तीन वर्षांत ती बाजू तुम्ही एकदाही वाचली नाही, हे मला खरंच खटकलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलंय की वॉरंटी झिर्कोनियाला तडा गेला किंवा तुकडा पडला तरच. कॅप सुटली, खालची दाढ किडली किंवा दर सहा महिन्यांनी तपासणी केली नाही, तर नाही. तुमची कॅप तुटलेली नाही, ती सुटली आहे. म्हणजे वॉरंटी २०३३ पर्यंत असली तरी तुमच्या तक्रारीला ती लागूच पडत नाही. तक्रारीचा पाया वॉरंटीवर घातलात तर पहिल्याच तारखेला लॅबचा वकील कार्ड उलटं करून दाखवेल.

पाया घालायचा तो डॉक्टरांच्या सेवेतल्या त्रुटीवर, आणि का, ते थोडं खोलात समजून घ्या. झिर्कोनिया मोडायला फार कठीण असतं, जाहिराती त्याचीच करतात आणि त्यात खोटं फारसं नाही. पण कॅप न मोडणं वेगळं आणि दाढेवर टिकून राहणं वेगळं. टिकून राहणं मुख्यतः दवाखान्यातल्या खुर्चीवर ठरतं: दाढ घासून बारीक करताना तिची उंची किती ठेवली, भिंती किती उभ्या राखल्या, आणि चिकटवायच्या आधी कॅपची आतली बाजू कशी तयार केली. काचेसारख्या सिरॅमिकला आतून आम्लाने खरवडता येतं, झिर्कोनियाला तसं जमत नाही, कारण त्यात काचेचा अंशच जवळजवळ नसतो. म्हणून ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा हलका मारा करून आतली बाजू खडबडीत करतात आणि झिर्कोनियाला धरणारा खास प्रायमर (सिमेंटआधी लावायचा द्रव) किंवा सिमेंट वापरतात. तोंडात कॅप घालून पाहिली की लाळेतलं फॉस्फेट तिच्यावर बसतं आणि त्या प्रायमरची जागा अडवतं, म्हणून चिकटवण्याआधी ती पुन्हा नीट साफ करावी लागते. सुटलेली कॅप नुसती धुऊन, पुसून, सिमेंट भरून परत बसवली तर ती पुन्हा सुटण्याची शक्यता राहतेच. तुमच्याबाबतीत दोन वेळा नेमकं काय केलं गेलं हे केस पेपरवर असेल तर असेल. ‘दहा मिनिटांत बसवून दिली’ असं तुम्ही लिहिता; ते शपथपत्रात तसंच लिहा, जास्तीचं तिखटमीठ नको.

‘दाढ आखूड आहे’ हे त्यांचं म्हणणं तुमच्या बाजूचं आहे. दाढ आखूड असेल तर ती मार्च २०२३ मध्येही आखूडच होती, आणि ती स्वतःच्या हाताने घासणाऱ्याला हे तेव्हाच दिसलं असणार. अशा दाढेवर कॅप टिकणं अवघड आहे, हिरडी थोडी कापून उंची वाढवावी लागेल किंवा दुसरा काही उपाय करावा लागेल, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. रुग्णाला नीट माहिती देऊन मग संमती घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सविस्तर सांगून ठेवलंय. तक्रारीतला सगळ्यात भक्कम परिच्छेद हाच करा.

इथून पुढे मी जपूनच बोलेन. कॅप निघाली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. चांगल्या डॉक्टरांच्या कॅपही निघतात. तुम्ही रात्री दात खाता का, सुपारी फोडता का, हे विचारलं जाईल. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, पण तुमच्या प्रकरणात ते नसेल तर मला धाकधूक वाटेल. मुंबईच्या किंवा दुसऱ्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागात (जिथे कॅप, कवळ्या करतात) दाखवा, किंवा त्या विषयातल्या पदव्युत्तर डॉक्टरांकडून लेखी मत घ्या. ते तक्रारीनंतर जोडलं तरी चालेल, त्यासाठी १८ जून ओलांडू नका.

पुराव्याचं तुम्ही बरंच नुकसान करून ठेवलंय. बिल नाही. कॅप जपून ठेवलीत, कानातल्यांच्या डबीत, कापसावर, हे उत्तम. पण सप्टेंबरनंतर ती दोनदा फेविक्विकने घरी चिकटवलीत! आतली बाजू आता त्या गोंदाने भरलेली आहे आणि समोरचे लोक सगळं खापर त्यावरच फोडतील. सुदैवाने फेविक्विकच्या आधीचा, सप्टेंबर २०२५ चा, तुमच्या मुलीने काढलेला फोटो आहे. त्यात कॅपची आतली बाजू पांढरी, स्वच्छ दिसते आणि दाढेवर सिमेंटचा पिवळट थर जिथल्या तिथे आहे. मी दंतवैद्य नाही, पण सिमेंटने दाढ धरली आणि कॅप सोडली, असं त्यावरून दिसतं. तज्ज्ञाला पहिला प्रश्न याच फोटोवर विचारा. मूळ फाइल त्या फोनमधून पुसू नका.

१८ जून २०२४ च्या रात्रीचा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज, ‘डॉक्टर, कॅप निघाली’, आणि त्यांचं उत्तर, ‘उद्या या, बसवून देतो’, हेही जपा. मुदत कधी सुरू झाली हे तोच सांगतो, आणि उपचार त्यांनीच केले हेही तोच सांगतो. सगळं संभाषण एक्स्पोर्ट करा, यूपीआयने दिलेल्या १४,००० ची नोंद बँकेच्या उताऱ्यातून काढा, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. केस पेपर आणि एक्स-रे आजच लेखी मागा. दंतवैद्यांनी रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायची असतात. ती तीन वर्षं मार्चमध्येच उलटली. तरीही मागा. दिली नाहीत तर तेही तक्रारीत लिहा.

डॉक्टर आणि लॅब, दोघांनाही आताच पक्षकार करा. नंतर लॅबला ओढायला गेलात तर तिच्यापुरती मुदत तिला जोडल्या दिवसापासून मोजली जाण्याचा धोका आहे. लॅबवर उत्पादन दायित्वाखाली, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या इजेच्या जबाबदारीखाली, कॅपची किंमत मागता येणार नाही, त्यात वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत. उघड्या राहिलेल्या दाढेला इजा झाली असेल तर गोष्ट वेगळी. तूर्त लॅबचा उपयोग, कॅप कोणत्या मापाची आली आणि डॉक्टरांनी काय पाठवलं होतं, हे वदवून घ्यायला.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मागताना १४,०००, दोनदा दिलेले पाचशे, नव्या कॅपचा खर्च आणि पटेल इतकाच मनस्ताप मागा. दहा लाखांचा आकडा टाकला की आयोगाचा विश्वास उडतो.

कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. तेवढ्यावर विसंबू नका. आयोगांतल्या रिकाम्या जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती, आणि दात दुखणाऱ्या माणसाला ‘पुढची तारीख’ ऐकवताना मला आजही लाज वाटते. एक गोष्ट मात्र धरून ठेवा: उत्तर दाखल करायला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव, त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलंय. ४६ व्या दिवशी उत्तर घेऊन कुणी आलं तर हरकत नोंदवा.

निकालापर्यंत दाढ उघडी ठेवू नका. रूट कॅनाल झालेली दाढ कमकुवत असते, ती चिरली तर नव्या कॅपचाही उपयोग नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडून कॅप करून घ्या, पण त्याआधी त्यांच्याकडून दाढेची उंची, तिच्यावर उरलेलं सिमेंट आणि आतली कीड, तारीख आणि शिक्क्यासह लिहून घ्या, जवळून फोटो काढून घ्या, एक्स-रे घ्या. नवी कॅप बसली की खालचं काहीच कुणाला दाखवता येणार नाही. आणि जुनी कॅप त्यांनी मागितली तरी देऊ नका. ती त्याच डबीत परत ठेवा.