कोण कुणाचं लागतं?

प्रिय चिकू,

काल फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात आजीने जेवायला हाक मारली, म्हणून उत्तर लिहूनच पाठवते. तू वाचायला घेतलेल्या कादंबरीतली मुलं घर सोडून आलेली, काहींना तर घरच्यांनीच बाहेर काढलेलं. रोज रात्री ती सगळी एकाच स्वप्नात भेटतात, तिथल्या शहरात एकमेकांना सांभाळतात आणि पुढे जागेपणीही एकत्र राहू लागतात. त्यातल्या एका मुलाचा दुसऱ्या मुलावर जीव जडलाय. तू ही गोष्ट आजीला सांगितलीस तर ती म्हणाली, "पण ही पोरं एकमेकांची कोण लागतात?" मग तू मला विचारलंस, मराठी माणसांत रक्ताच्या नात्याशिवाय घर होतं का, आणि होत असेल तर त्या मुलाला तिथे जागा असते का.

पहिल्याचं उत्तर आजीच्याच घरात आहे. डिलाईल रोडचे मामा आजीचे कोण? रक्ताने कोणीच नाहीत. ते साताऱ्याकडचे, आजोबा कणकवलीचे. दोघं एकाच गिरणीत होते आणि लग्नाआधी लालबागच्या एकाच खोलीत राहायचे. त्या खोल्यांत दहा-बारा जण असत. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्याची वळकटी पसरायची. आजीला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून तिची भाऊबीज मामांची. माझ्या लग्नात मला बोहल्यावर त्यांनीच आणलं. तो मान मुलीच्या मामाचा असतो, आणि हे मामा कुठल्या नात्याने, असं मांडवात कुणीही विचारलं नाही.

गिरणगाव असंच जगलं. बायकामुलं गावाला, पुरुष मुंबईला, आणि जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एखादी मावशी आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालायची. संप झाला, पगार थांबला, तरी ती उधारीवर वाढत राहायची. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यांची घरं कशी तगली याचा विचार करताना मला या मावश्या आठवतात.

पण तुला अर्धंच चित्र दाखवायचं नाही. गावकीच्या पुष्कळ खोल्या एका गावाच्या आणि एका जातीच्याच होत्या. जोडलेल्या घरालाही दार असतं आणि ते सगळ्यांना उघडत नाही.

म्हणून तुला जनाबाईंकडे नेते. लहानपणीच नामदेवांच्या घरी आलेली, त्यांच्याकडे कामाला राहिलेली ही मुलगी स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. तिचा अभंग आजीला तोंडपाठ आहे, म्हणायला सांग: 'विठू माझा लेकुरवाळा, संगे गोपाळांचा मेळा'. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, नामा करंगळी धरून चाललेला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. गोरा कुंभार आणि चोखा महार. जन्माने यांना कुणी एका घरात बसवलं नसतं, जनाबाई एका ओळीपाठोपाठ दुसऱ्या ओळीत बसवते. 'चोखा जीवाबरोबरी' म्हणते. त्याच चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. अभंगाने जे सहाशे वर्षं आधी केलं, ते देवळाने तेव्हा केलं.

आणि स्वप्नं? तीही आपल्याकडे आहेत. तुकोबा सांगतात, 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें', पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव आले आणि कवित्व कर म्हणाले. दोघांमध्ये तीन शतकांचं अंतर. पुढे कोल्हापुरात संत बहिणाबाईंना तुकोबा स्वप्नात भेटले. ती ब्राह्मणाची बायको, गुरू केला तो शूद्र मानलेल्या घरातला. नवऱ्याने मारहाण केली, तिने गुरू सोडला नाही. दिवसा जे नातं कुणी जोडू दिलं नसतं ते त्यांनी झोपेत जोडलं आणि जागेपणी निभावलं. तुझ्या पुस्तकातली मुलं याहून वेगळं काय करतात?

आता दुसरा प्रश्न. त्या मुलाला जागा आहे का? बऱ्याच मराठी घरांत अजून नाही. कायद्याने त्याचं प्रेम गुन्हा नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला दिला. लग्नाची मान्यता मात्र 2023 च्या निकालातही मिळाली नाही. पण मुंबईतली माणसं निकालाची वाट बघत बसली नव्हती. 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी माणसांचं नियतकालिक 1990 मध्ये निघालं, त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट 1994 मध्ये सुरू झाला. ज्यांना घरी बोलता येत नव्हतं त्यांनी बोलायची जागा इथेच, याच शहरात तयार केली. तृतीयपंथीयांमध्ये तर त्याही आधीपासून गुरू-चेल्याचं नातं आहे. घराने टाकलेल्या पोराला गुरू आपल्या घराण्यात घेतो.

तुझं पुस्तक मीही निम्मं वाचलं. चांगलं आहे, एका बैठकीत वाचत गेले. एक गोष्ट मात्र मला फार लागली. त्या स्वप्नातल्या शहरात एकही वयाने मोठं माणूस नाही. पोरंच पोरांचा ताप बघतात, पोरंच दार लावून घेतात. मी तुला इतकं सांगितलं त्यातल्या प्रत्येक घरात एक मोठं माणूस होतं. खानावळीतली मावशी, डिलाईल रोडचे मामा, गुरू, अंगाखांद्यावर लेकरं घेतलेला विठू. मला वाटतं, लेखिकेच्या आसपासच्या मोठ्यांनी ती जागा रिकामी ठेवली असणार. आपल्या घरात ती रिकामी राहणार नाही. तुझ्या वर्गातल्या कुठल्या मुलासाठी असो किंवा तुझ्या स्वतःसाठी, ती जागा माझी आणि बाबांची आहे. त्यासाठी तू आधी काही सांगितलं पाहिजेस, असं नाही.

आजीला पुढची प्रकरणं मराठीत सांगत वाच. त्या दोघांचं प्रेम 'खास मैत्री' म्हणून उरकू नकोस, आहे तसं सांग. ती गप्प झाली तर थांब, तिला वेळ लागेल. रागावली तर फोन तिच्याकडे दे, मी बोलते. आणि तिने पुन्हा विचारलंच की ही पोरं एकमेकांची कोण लागतात, तर डिलाईल रोडचे मामा तुझे कोण लागतात, ते तिलाच विचार.

तुझी,
आई