थँक यू, पेढे आणि निळी जीन्स

प्रिय सई,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आपल्याकडे शिक्षकांचे आभार मानतात तरी का गं? तुला मी कुणाला थँक यू म्हणताना ऐकलेलंच नाही." लागलं जरा. तू ज्यांच्या बीजगणिताच्या वर्गाला तुरुंगात मदतनीस म्हणून जातेस त्या बाई निवृत्त होतायत, वर्गातल्या वीस जणांना त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय, म्हणून विचारत होतीस ते कळलं. तरी लागलं.

अण्णांच्या घरी 'आभार' हा शब्द सभेच्या शेवटी यायचा, लोक चपला शोधायला लागले की. मास्तरांना तो कोण ऐकवणार? निकाल लागला की पेढे घेऊन जायचं, वाकून नमस्कार करायचा, त्यांच्याकडे लग्नकार्य निघालं की पंगतीत वाढायला उभं राहायचं. मला ही रीत अजून आवडते. पण तिला पेढे लागतात, मास्तरांच्या घरापर्यंतचा रस्ता मोकळा लागतो. आत असलेल्या माणसाजवळ शब्द तेवढे उरतात. तेव्हा तिथलं थँक यू मी तरी उपचारात धरणार नाही.

धुळ्याचा तुरुंग आठव, 1932 सालचा. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, 21 फेब्रुवारी ते 19 जून, 18 रविवारांत 18 अध्याय. बोलणारा कैदी, ऐकणारेही कैदी. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या फडताळात आहे. मी त्याला गुरुदक्षिणाच म्हणते. तुला ओढूनताणून वाटेल कदाचित.

तुझ्या बाईंनीही फुकटच शिकवलंय ना? 1994 मध्ये अमेरिकेत कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठीची सरकारी मदत, बंद झाली, ती सरसकट परत आली 2023 च्या जुलैत. मधली वर्षं तुमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनसारख्या तुरुंगात कॉलेजचे वर्ग बिनपगारी शिक्षकांनीच चालवले.

आता कामाचं. शाल-नारळ विसर. विद्यार्थ्याने शिक्षकाला वस्तू देणं बहुतेक तुरुंगांत नियमात बसत नाही, हाताने विणलेली टोपीसुद्धा. पाया पडणंही नको, पहारेकऱ्याला त्यात फक्त अंगाला लागलेला हात दिसतो. पत्रं बहुधा चालतात. आधी तुरुंगातल्या वर्गांच्या समन्वयकाला विचार, आणि कागद त्यांच्याच हातून बाहेर येऊ देत. 'आपल्याच वर्गाची तर आहेत' म्हणून तू पिशवीत घालून आणलीस, तर तो चोरून नेलेला निरोप ठरतो आणि तुझा पास जातो. स्प्रिंगची वही नको, पिना नकोत. घरचा पत्ता, फोन नंबर, 'सुटल्यावर भेटू' असलं कुणी लिहिलं तर ते पान पुन्हा लिहायला सांग, नाहीतर अडचणीत बाईच येतील.

प्रत्येकाला एकच पान. 'तुम्ही ग्रेट आहात' यावर पान भरत नाही. एक गणित, एक दिवस लिहायला सांग. म्हणजे असं: 'अर्धा अधिक एक तृतीयांश मी दोन पंचमांश लिहायचो, वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. तुम्ही रागावला नाहीत. दोन पंचमांश अर्ध्याहून कमी की जास्त, एवढंच विचारलंत, आणि कागदाची पट्टी सहा भागांत दुमडून त्यातले पाच मोजायला लावलेत.' हे वाचून बाईंना तो माणूस डोळ्यांसमोर येईल. ज्याला लिहिणं जड जातं त्याने शेजाऱ्याला सांगावं, शेजाऱ्याने जसंच्या तसं उतरवावं. व्याकरण तू सुधारू नकोस, हात शिवशिवले तरी.

सहा आठवडे आधी सुरुवात कर. शेवटच्या आठवड्यावर ठेवलंस आणि तुरुंगात लॉकडाउन लागला, म्हणजे सगळ्यांना कोठडीतच ठेवलं, तर वर्गच भरत नाही. मोठ्याने वाचायचं असेल तर माणशी एक मिनिट. दुपारचा वर्ग असेल तर 4 वाजता कैद्यांची मोजणी होते, तिच्या बरंच आधी आटपा. मोजणी कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं करच असं नाही हं. एका कार्डावर सगळ्यांच्या सह्या, तेही चालेल. तुझं स्वतःचं पान मात्र लिही. आणि त्या दिवशी निळी जीन्स घालू नकोस, कॅलिफोर्नियात कैद्यांचे कपडे निळे असतात, फाटकावरूनच परत पाठवतील.

आई