फॉर्मवरचा धर्म पण तुझाच आहे

बाबू,

तुझा मेसेज वाचून झोप नाही लागली. लिहितो काय तर, "काका, मनात येशू आहे ना, मग बाप्तिस्मा घेऊन सवलतीसाठी नोकरीच्या फॉर्मवर हिंदू राहिलं तर काय बिघडलं, नोकरी लागली की सांगतो सगळ्यांना." रागच आला मला. मग तुमची कोरडवाहू जमीन आणि औंदाचा सोयाबीनचा भाव आठवला, तेव्हा थोडा उतरला.

अन्याय आहे, मान्य. १९५० च्या आदेशामुळं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की सवलत गेली, पुढं १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, आपण अजून बाहेरच. नळावर तुझ्या आईला जात कोणी विसरू देत नाही आणि ख्रिस्ती झालं की तहसीलात म्हणतात आता तुम्हाला जात नाही. यासाठी भांड ना, मोर्चा काढ, मी येतो. पण खोटं लिहून नाही. होय तर होय, नाही तर नाही, बायबलात मत्तय पाचवा अध्याय, तुला पाठ आहे, मग काऊन विचारून राहिला?

माझा बाप गेला तेव्हा मी मोठा पोरगा. सारं गाव म्हणे, "डोकं भादर, अग्नी दे, मंग जा आपल्या चर्चात." मी खांदा दिला, मोक्षधामापर्यंत अनवाणी चाललो, पण मडकं धाकट्यानं धरलं. आई वर्षभर बोलली नाही, भाकर वाढायची आणि तोंड फिरवून चुलीकडं बसायची. ते मडकं मला अजून टोचते रे, बापाचं शेवटचं काम होतं ते. तरी पुन्हा तीच वेळ आली तर तेच करीन, कारण तिथं एक आणि चर्चमध्ये एक असा राहिलो असतो तर माझ्या साक्षीवर घरातल्या कोणी विश्वास ठेवला असता? लोक अजून मला हेकट म्हणतात. म्हणू दे.

कवी ना. वा. टिळकांचंच पाय ना, रेव्हरंड टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत बायबलाचा नवा करार हाती आला, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि बायको दुरावली, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. एवढी वर्षं त्या माणसानं घर गमावलं पण लपवलं नाही, होय तर होय.

आणि हिशेब करू नको असं मी म्हणतच नाही. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोज असं प्रभूच सांगतो, लूक चौदा. तर मोज. अनुसूचित जातीची सवलत नसली तर मेरिट किती लागते ते पाय, लग्नाला पोरगी कोण देईल, पोळ्याच्या दिवशी भाऊकीत कुठं बसशील, सगळं मोज, आणि झेपत नसेल तर बाप्तिस्मा घेऊ नको, थांब, मी तुला कमी नाही लेखणार. पण घेऊन लपवू नको.

फॉर्म भरायच्या आधी आईला सांग. चर्चच्या पाळकाला नाही, मला नाही, आधी आईला. एकट्यानं जमत नसेल तर रविवारची उपासना झाली की मी येतो तुझ्या घरी, बाजूला बसतो, पण बोलायचं तूच.

तुझा काका