ज्येष्ठांची ठेव मोडून दक्षिण अमेरिकेची सहल करावी का?

उदगीरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा प्रश्न असा आहे. पेरू, ब्राझील आणि अर्जेंटिना या तीन देशांची अठरा दिवसांची सहल दोघांना मिळून १४ लाख ८० हजारांना पडते आणि मार्च २०२६ अखेर पूर्ण रक्कम भरली तर ५० हजारांची सूट मिळते. त्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले ३० लाख रुपये मोडावेत का? त्यांचे वय ६२ आहे, निवृत्तिवेतन ४१ हजार, घरखर्च ३८ हजार आणि बँकेत ९ लाखांची मुदत ठेव आहे. शेत बटईने दिलेले असून त्याचे उत्पन्न त्यांनी हिशेबात धरलेले नाही. सोयाबीनचा भाव आणि परतीचा पाऊस पाहता त्यांनी ते योग्यच केले.

सर, सहलीला जरूर जा, पण ही ठेव मोडून जाऊ नका. या योजनेतील खात्यातून थोडीशी रक्कम काढता येत नाही. १४ लाख ३० हजार हवे असले तरी सगळे खातेच बंद करावे लागते. एक वर्ष झाल्यानंतर, पण दोन वर्षे होण्याआधी खाते बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे आपल्या बाबतीत ४५ हजार रुपये कापले जातात, आणि सहल कंपनीच्या ५० हजारांच्या सवलतीतले जेमतेम ५ हजार हाती उरतात. त्यापेक्षा मोठा तोटा पुढचा आहे. ८.२ टक्के व्याजाने आपल्याला दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात. सहलीत गेलेल्या रकमेवरचे व्याज थांबले, की महिन्याला सुमारे पावणेदहा हजारांची आवक कायमची कमी होईल.

दुसरी बाब टीसीएसची, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणाऱ्या कराची, जी माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत छापलेली असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर माणशी १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के कर विक्रेता वसूल करतो. सगळी नोंदणी आपल्या एकट्याच्या पॅनवर केली, तर मार्च २०२६ मध्ये १ लाख ३६ हजार रुपये जास्तीचे भरावे लागतील. दोघांच्या पॅनवर निरनिराळी बिले केली, तर ७१,५००. आपले वार्षिक उत्पन्न ७ लाख ३८ हजारांच्या घरात असल्याने नव्या करप्रणालीत कर लागणार नाही आणि ही रक्कम परत मिळेल, पण विवरणपत्र भरल्यानंतरच, तोवर ती अडकून राहील. पत्नीच्या नावे कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांचेही विवरणपत्र भरावे लागेल, हे विसरू नका.

आपण पाठवलेल्या दुसऱ्या पत्रकात केवळ पेरूची बारा दिवसांची सहल दोघांना ९ लाख २० हजारांत आहे. माझे मत तिच्या बाजूने आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून खर्च वजा जाता महिन्याला २३,५०० रुपये उरतात. ते आवर्ती ठेवीत टाकले, तर डिसेंबर २०२५ पासून सतरा महिन्यांत चार लाखांच्या आसपास जमतील. उरलेले ५ लाख २० हजार मुदत ठेवीतून घ्यावेत. तरीही ३ लाख ८० हजार, म्हणजे दहा महिन्यांचा घरखर्च, अडीअडचणीला शिल्लक राहतो. मे २०२७ मध्ये निघालात, तर पेरूच्या डोंगराळ भागात कोरडा हंगाम सुरू झालेला असेल आणि मृगाच्या पेरणीआधी आपण उदगीरला परतलेले असाल. दरवाढ झालीच, तर प्रवास दोन-तीन महिने पुढे न्यावा. कर्ज काढू नये.

‘निसर्ग आणि तिथले खाणे’ पाहण्यासाठी जायचे आहे, असे आपण लिहिले आहे. ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवरचा इग्वासूचा धबधबा राहून जाईल याची हळहळ मलाही वाटते, पण माचू पिचूचे प्राचीन नगर आणि अँडीज पर्वतातील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीसाठी एक देश पुरेसा आहे. आपल्या सौभाग्यवतींनी एकादशीला काय खायचे, असे विचारले आहे. आपल्या फराळाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद हे सगळे मूळचे अमेरिका खंडातलेच. उकडलेल्या बटाट्यांवर पिवळ्या मिरचीची आणि चीजची दाट चटणी घातलेला ‘पापा आ ला वांकाईना’ तिथे सर्रास मिळतो. वरचे अंडे मात्र काढायला सांगावे लागते. त्यामुळे खास शाकाहारी स्वयंपाकासाठी कंपनी जादा रक्कम मागत असेल, तर ती मान्य करण्याआधी रोजचे जेवणाचे पत्रक मागवून घ्यावे.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एक काम करा. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि ते नसल्यास विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते, आणि माचू पिचूच्या वाटेवरचे कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपल्याला रक्तदाबाची गोळी चालू असल्याने लस आणि उंची या दोन्हींबाबत डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घ्या, प्रवास विम्याच्या अर्जात आजार लपवू नका, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात ते कंपनीकडून लेखी आल्यावरच धनादेश द्या.