पेज कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कंपनी लहान, माणसं मोजकी, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर उतरायचं ठरतंय. पण कुणी वाईट लिहिलं, ट्रोलिंग झालं तर नाव खराब होईल, अशी मालकांना धास्ती आहे. त्यात ऑफिसातला एक उत्साही मुलगा म्हणतोय, "माझ्या अकाउंटवरून पेज काढून देतो, दहा मिनिटांचं काम आहे." नाहीतर एखाद्या एजन्सीला सगळं देऊन टाकायचं, हाही विचार आहे.

बरीच वर्षं दुसऱ्यांची पेजं सांभाळतोय, त्यावरून सांगतो. मालक कॉमेंटना घाबरतायत, पण मला त्या दहा मिनिटांचीच जास्त भीती वाटते. वाईट लिहिणारे लिहिणारच. तुमचं पेज नसलं तरी लोक तुमच्याबद्दल बोलतात, फक्त ते तुमच्या कानावर येत नाही.

फेसबुकच्या पेजला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो, हे पुष्कळ मालकांना माहीतच नसतं. पेज चालतं अॅडमिनच्या वैयक्तिक प्रोफाइलवरून. तो मुलगा एकटाच अॅडमिन असेल, तर तो नोकरी सोडून गेला, रुसला, किंवा त्याचं प्रोफाइल हॅक झालं, की तुमचं पेज, त्यावरचे मेसेज, वर्षानुवर्षांचे फोटो सगळंच अडकतं. मग कंपनी आमची आहे हे सिद्ध करायला कागदपत्रं घेऊन सपोर्टच्या मागे लागायचं. ते काम किती चिवट असतं, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

मोठ्यांचंही याहून वेगळं नाही. अमेरिकेतल्या फोनडॉग या वेबसाइटचा एक लेखक २०१० मध्ये नोकरी सोडून गेला आणि सुमारे १७ हजार फॉलोअर असलेलं ट्विटर अकाउंट नाव बदलून वापरत राहिला. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, दर फॉलोअरमागे दरमहा अडीच डॉलर असा हिशेब मांडला. शेवटी २०१२ मध्ये तडजोड झाली आणि अकाउंट त्याच्याकडेच राहिलं. ब्रिटनमधली एचएमव्ही ही संगीत विकणारी कंपनी जानेवारी २०१३ मध्ये डबघाईला आली, तेव्हा कामावरून काढली जाणारी माणसं कंपनीच्याच ट्विटर अकाउंटवरून ती बातमी जगाला सांगत बसली. त्यातल्या एका ट्वीटमध्ये होतं, की मार्केटिंग डायरेक्टर विचारतायत, ट्विटर बंद कसं करायचं? वरच्या माणसाला ते येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनाच काढलं जात होतं.

म्हणून आधी मेटाचं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचं, बिझनेस खातं तुमच्या कंपनीच्या ईमेलवर उघडा. पूर्ण अधिकार किमान दोघांकडे ठेवा, त्यातले एक मालक स्वतः. इन्स्टाग्रामला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल कंपनीचा हवा. त्या मुलाला पोस्ट टाकण्यापुरता, मेसेजना उत्तर देण्यापुरता अॅक्सेस द्या, तेवढ्यात त्याचं काम उत्तम होतं. कुणी नोकरी सोडली, की त्याच दिवशी त्याचा अॅक्सेस काढायचा. यात अविश्वास काही नाही, ऑफिसची किल्ली परत घेतोच ना आपण.

दुसरा धोका हॅकिंगचा. इथे लोक म्हणतात, आमच्यासारख्या लहानांकडे कोण बघणार? बघतात, कारण पेजला जाहिरातीचं खातं जोडलेलं असतं आणि त्याला कार्ड. नेहमीचा डाव असा: "तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केलाय, २४ तासांत पेज बंद होईल, अपील इथे करा" असा मेसेज येतो. लोगो खरा वाटतो, घाईघाईत माणूस लिंक उघडून पासवर्ड देऊन मोकळा होतो. रात्रीतून तुमच्या कार्डावर कुणाच्यातरी भलत्याच जाहिराती चालू. सगळ्या अॅडमिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू असलंच पाहिजे, आणि तो कोड एसएमएसवर घेण्याऐवजी ऑथेंटिकेटर अॅपवर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या अॅपवर घ्या. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं, म्हणजे एसईसीचं, एक्सवरचं (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरचं) अकाउंट हॅक झालं आणि त्यावरून बिटकॉइनबद्दल खोटी घोषणा झाली. चोरांनी अकाउंटला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेतला होता, आणि टू-स्टेप तर आधीच्या जुलैपासून बंदच होतं. जी संस्था कंपन्यांना सायबर सुरक्षेचे धडे देते, तिची ही गत.

चुकीच्या अकाउंटवरून पोस्ट जाणं हा प्रकार तर नेहमीचाच. एकाच फोनमध्ये स्वतःचं आणि कंपनीचं अकाउंट असलं, की कधी ना कधी होतंच. २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या अकाउंटवरून एका कर्मचारी बाईंचं बीअर पिण्याबद्दलचं खासगी ट्वीट गेलं. संस्थेने ते काढलं, चूक मान्य केली, 'आम्ही शुद्धीवर आहोत, किल्ल्या काढून घेतल्यात' अशा अर्थाचा विनोद केला, आणि लोकांनी हसून सोडून दिलं. पुढच्याच महिन्यात क्रायस्लरच्या अकाउंटवरून एजन्सीच्या माणसाची शिवी गेली. एजन्सीने त्याला काढलं, क्रायस्लरने एजन्सीचा करार पुढे वाढवला नाही. मला रेड क्रॉसची रीत जास्त पटते. पण शक्य असेल तर कंपनीचा फोन वेगळा ठेवा, वादच नको.

आता मालकांच्या धास्तीबद्दल. तक्रारीची कॉमेंट उडवू नका, कारण स्क्रीनशॉट आधीच निघालेला असतो. शिवीगाळ, धमकी, कुणाचा फोन नंबर असलं मात्र लगेच काढा. बाकीच्यांना सगळ्यांसमोर एक छोटं, शांत उत्तर द्या आणि ऑर्डरचे तपशील मेसेजमध्ये मागा. रागाच्या भरात मालकांनी स्वतः उत्तर लिहू नये, हे त्यांना तुम्हीच सांगा! आणि खोटे रिव्ह्यू विकत घेण्याच्या नादाला लागू नका. अमेरिकेत २०२४ पासून त्यावर थेट नियम आहे, आणि प्लॅटफॉर्मने पकडलं तर खरे रिव्ह्यूसुद्धा संशयात येतात.

गाण्यांचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. वैयक्तिक रीलला चालतं ते गाणं धंद्याच्या रीलला चालेलच असं नाही. बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीने टिकटॉकवर लोकप्रिय गाणी बिनधास्त वापरली, युनिव्हर्सल म्युझिकने २०२१ मध्ये खटला भरला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं. व्यवसायांसाठी दिलेली संगीताची वेगळी लायब्ररी असते, तीच वापरा.

एवढं सगळं ऐकून उतरूच नये का? उतराच. पण अपेक्षा नीट ठेवा. फुकटच्या पोस्ट फार लोकांपर्यंत पोचत नाहीत, रीच हवा तर जाहिरातीचे पैसे लागतात. माझ्या मते लहान धंद्याला खरा उपयोग मेसेजचा होतो. ग्राहक फोन करायला कचरतो, पण दोन ओळी टाकतो. फॉलोअर किती झाले हे मोजण्यापेक्षा चौकशा किती आल्या ते मोजा. त्या चौकशीतली नावं-नंबर, परवानगी घेऊन, स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवत चला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकदमच सुमारे सहा तास बंद पडलं होतं. ज्यांच्या ऑर्डर फक्त तिथूनच यायच्या, त्यांना ग्राहकांना कळवायलाही दुसरी वाट नव्हती.

राहिली एजन्सी. द्यायला हरकत नाही, पण पेज आणि जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर, आणि एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून अॅक्सेस, हे करारात लिहून घ्या. "आमच्याच खात्यातून चालवतो, सोपं पडतं" असं म्हणतील. सोपं त्यांना पडतं. तुम्ही एजन्सी बदललीत की आधीच्या जाहिरातींचा सगळा डेटा त्यांच्याकडेच राहतो. यावर कुणी आढेवेढे घेतले तर सरळ दुसरी एजन्सी बघा.